पाव फेरा

मंगळवारी सकाळी चावीवाल्यांनी बाल्कनीचं दार उघडलं आणि सातव्या कुंडीकडे बघून ते उंबऱ्यातच थांबले. आदल्या दिवसापर्यंत ती बरी होती. म्हणजे बरी नव्हतीच, पण बरी आहे अशी स्वतःची समजूत घालण्याइतपत होती. आता तिची पानं कडेने करपली होती, आणि पानांच्या टोकांना लोंबणारे चिमुकले पेले, ज्यांत किडे पडून मरतात ते, वाळून सुरकुतले होते. चौदा कुंड्यांपैकी ही सातवी. निम्म्या गेल्या, असं चावीवाले पुटपुटले आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून चटकन मागे वळून बघितलं.

ऐकायला होतं कोण? लेक आणि जावई अजून झोपले होते आणि घरात चौथं माणूस नव्हतं.

चावीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी छत्तीस वर्षं रस्त्याखालच्या मोठ्या नळांचे व्हॉल्व्ह उघडले आणि मिटले. खात्यात त्या व्हॉल्व्हला चावी म्हणत, म्हणून हे चावीवाले. कुठल्या गल्लीला किती वाजता आणि किती जोराने पाणी सुटायचं हे त्यांच्या मनगटावर ठरायचं. लोक रस्त्यात हटकून विचारायचे, आज उशीर का, आणि हे मिशीत हसून म्हणायचे, तुमच्यासाठीच चाललोय. असा रुबाब असलेला माणूस आता पायजम्यात, हातात प्लास्टिकचं भांडं घेऊन, एका झुडपाला घाबरून उभा होता.

झुडपाला ते घाबरले नव्हते, हे खरं. ते घाबरले होते तीन शब्दांना.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षभरात दोन गोष्टी घडल्या होत्या. एकदा गॅसवर दूध ठेवून चावीवाले बाहेर जाऊन बसले, आणि पातेलं कोळशासारखं झालं तेव्हा शेजारणीने दार ठोठावलं. दुसऱ्यांदा ते केस कापायला गेले आणि दोन तासांनी जावयाला भलत्याच बसथांब्यावर सापडले. "पाय मोकळे करत होतो," असं त्यांनी ठणकावून सांगितलं. पण तो थांबा त्यांच्या जुन्या नोकरीच्या रस्त्यावरचा होता, आणि आपण तिथे कसे पोचलो हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर दूर गावी राहणाऱ्या मुलाचा फोन आला. लेक स्वयंपाकघरात बोलत होती, फोन मोठ्या आवाजावर होता आणि चावीवाले न्हाणीघरात दात घासत होते. "इथे चांगली सोय आहे, नर्स असते, बाग आहे, त्यांच्या वयाची माणसं आहेत," मुलगा सांगत होता. "तू एकटी किती पुरणार?"  लेक म्हणाली, "बघू दादा. अजून एक काही झालं, तर बघू."

अजून एक काही. त्या दिवसापासून चावीवाल्यांचं जगणं त्या तीन शब्दांना चुकवत चाललं होतं. गॅसकडे ते फिरकतच नसत. बाहेर जायचं तर कोपऱ्यापर्यंत, तेही घर नजरेआड होऊ न देता.

आणि तशातच ही झाडं घरी आली. लेक वनस्पती उद्यानात काचघर सांभाळायची. काचघराचं छप्पर दुरुस्तीला निघालं, म्हणून नाजूक झाडं कर्मचाऱ्यांनी वाटून घरी नेली. लेकीच्या वाट्याला किडे खाणारी आली. पेले लोंबणारी घटपर्णी आणि पानांवर चिकट थेंब घेऊन बसणारी दवबिंदू, अशा चौदा कुंड्या. दोन महिन्यांपूर्वी तिने त्या बाल्कनीत मांडल्या आणि बाबांना समोर बसवून म्हणाली, "हे काम तुमचं. पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

चावीवाल्यांची छाती फुगली होती. "नळाचंच घालायचं ना?"

"अजिबात नाही. ही दलदलीतली झाडं आहेत. यांना फक्त पावसाच्या पाण्याची सवय. नळाच्या पाण्यात क्षार असतात. आपल्याला ते गोड लागतं, यांची मुळं जळतात."

"मग फिल्टरचं."

"फिल्टरचं म्हणजे सगळ्याच फिल्टरचं चालत नाही बरं का. तो कोळशाचा जग असतो ना, तो फक्त वास काढतो, क्षार तसेच राहतात. अंघोळीच्या नळाला लावतात तो चुना काढतो आणि बदल्यात मीठ सोडतो, म्हणजे आणखीच वाईट. आपल्या स्वयंपाकघरातला पाणी पडद्यातून दाबून काढतो, क्षार मागे राहतात. म्हणून तेवढंच चालेल."

मग तिने पेनासारखं एक मीटर फिल्टरच्या पाण्यात बुडवून दाखवलं. आकडा आला अठरा. पन्नासच्या आत असला की ही झाडं सुखी, असं म्हणून तिने मीटर उद्यानात परत नेलं. तेव्हापासून रोज सकाळी चावीवाले फिल्टरचा नळ सोडून भांडं भरत, कुंड्यांखालच्या बशा भरत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बरोबरची खूण करत. एकही दिवस चुकला नव्हता. मग झाडं का मरत होती?

याचं एक उत्तर चावीवाल्यांना सुचलं होतं, आणि ते इतकं भयंकर होतं की ते त्याच्याकडे तिरक्या नजरेनेच बघत. एखाद्या सकाळी, अर्धवट झोपेत, आपण भांडं नळाखाली धरलं असेल तर? एखाद्या नव्हे, दहा सकाळी? खूण तर आपण केली, पण खूण म्हणजे काही पाणी नव्हे. फिल्टरपाशी उभे असलेले आपण त्यांना आठवत होते. पण ती आठवण आजची, कालची की दोन महिन्यांपूर्वीची, ते सांगता येईना. सगळ्या सकाळी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. 

त्यांनी सातव्या कुंडीची करपलेली पानं कात्रीने कापली, खिशात घातली आणि कुंडी भिंतीकडे वळवून ठेवली.

लेकीच्या नजरेतून ते सुटणार होतं थोडंच! चहाचा कप घेऊन ती बाल्कनीत आली आणि उभ्याउभ्याच कप कठड्यावर ठेवला. तिने कुंडी फिरवली, कापलेल्या देठावर बोट फिरवलं.

"पानं कुणी कापली?"

"वाळली होती म्हणून..."

"बाबा, खरं सांगा. नळाचं तर नाही ना घातलं? एखादे दिवशी? मी रागावणार नाही."

मी रागावणार नाही, हे ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज चावीवाल्यांना ठाऊक होता. लहानपणी ती पडायची तेव्हा ते स्वतः तिच्याशी असंच बोलायचे. त्यांना वाटलं, हिने आत्ता आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"नाही," ते म्हणाले.  "फिल्टरचंच घालतो. देवाशपथ."

 संध्याकाळी कामावरून येताना तिने मीटर आणलं. जावई नेमका त्याच वेळी आला होता. तो बस चालवायचा आणि घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलायचा नाही, पण तोही ओट्यापाशी येऊन उभा राहिला. लेकीने आधी नळाचं पाणी पेल्यात घेतलं. तीनशे चाळीस. मग फिल्टरचं. चावीवाले मीटरच्या छोट्या पडद्याकडे बघत होते. अठरा आला की संपलं. फिल्टर निर्दोष म्हणजे दोषी कोण, हे सांगायला कुणी लागणार नव्हतं.

आकडा चढत गेला. चाळीस. नव्वद. एकशे अडुसष्टवर थांबला.

"हे काय?" लेक म्हणाली. तिने पेला विसळून पुन्हा पाणी घेतलं. एकशे अडुसष्टच.

चावीवाले हसले. एकदम, मोठ्याने. हसू थांबेचना. झाडं मेली होती, लेकीला उद्यानाच्या साहेबांपुढे उभं राहावं लागणार होतं, आणि हे हसत होते. "मी नाही!" ते म्हणाले. "बघ! फिल्टर आहे! मी नाही!"

"बाबा," लेकीने त्यांच्या दंडाला धरलं, "मला माफ करा. मी तुमच्यावर..."

"जाऊ दे गं." त्या संध्याकाळी ते दोन घास जास्तच जेवले. जावई म्हणाला, सासरेबुवांनी आज सगळ्यांचं पाणी जोखलं. चावीवाल्यांना तो विनोद फार आवडला.

बुधवारी सकाळी फिल्टरवाली आली. चाळिशीची, बारीक चणीची बाई, खांद्याला अवजारांची पिशवी. सहा आठवड्यांपूर्वी तिनेच येऊन फिल्टरचा पडदा बदलला होता. ती ओट्याखालच्या कपाटाचं दार उघडून गुडघ्यावर बसली, विजेरी लावली, आणि दोन मिनिटांत बाहेर आली.

"चवीचा स्क्रू उघडा आहे," ती म्हणाली. "काही लोकांना हे पाणी बेचव लागतं. त्यांच्यासाठी हा स्क्रू. उघडला की थोडं नळाचं पाणी सरळ येऊन यात मिसळतं. प्यायला काही वाईट नाही."

"माझ्या झाडांना आहे," लेक म्हणाली. "किती उघडा आहे?"

"पाव फेरा."

"पाव फेऱ्याने इतकं?"

"हा स्क्रू फार नाजूक असतो, ताई." तिने पेचकसाने तो मिटवला, पाणी थोडा वेळ वाहू दिलं. मीटरवर एकोणीस आला.

लेकीचा पारा चढला. "म्हणजे पडदा बदलताना तुम्ही हा उघडा ठेवून गेलात."

"नाही हो. मी मिटलेलाच ठेवते. घरातल्या कुणी..."

"घरात कुणाला तो स्क्रू आहे हेसुद्धा माहीत नव्हतं! माझ्या सात कुंड्या गेल्यात. त्यातली एक मी बियांपासून वाढवलेली, अकरा वर्षांची. मी तक्रार करणार आहे."

फिल्टरवालीच्या तोंडचं पाणी पळालं. पिशवीचा पट्टा तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला. "ताई, माझ्या नावावर आधीच दोन तक्रारी आहेत. तिसरीला घरी बसवतात. मी खरंच उघडला नव्हता. उघडला असता तर सांगितलं असतं."

इथे चावीवाल्यांना राहवलं नाही. कालपासून त्यांच्या अंगात बळ आलं होतं आणि विषय त्यांचा होता. "बाई, तुम्ही लिहून ठेवता का?" त्यांनी विचारलं.

"काय लिहून?"

"आमच्या खात्यात नियम होता. चावीला हात लावला की शेजारच्या भिंतीवर लिहायचं. तारीख, वार, किती फेरे, उघडी की मिटली, आणि खाली सही. मग पुढच्या पाळीच्या माणसाला विचारावं लागत नाही आणि आपल्यालाही नाकारता येत नाही. छत्तीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. तुम्ही लिहीत नाही, मग तुमचं खरं धरायचं कसं?"

फिल्टरवालीने पेचकस पिशवीत टाकला.  ती मान खाली घालून निघून गेली. लेकीनेही पर्स उचलली, तक्रार ऑफिसातून करते म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

घर शांत झालं. चावीवाल्यांनी चहाचा कप विसळला. आपण त्या बाईला जरा जास्तच बोललो, असं त्यांना वाटलं. पण बोललो ते खरंच होतं, असंही वाटलं. मग त्यांच्या मनात आलं की तिने नाही लिहिलं तर आपण लिहू. आज स्क्रू मिटला, त्याची नोंद हवी. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, खणातली विजेरी घेतली, कण्हत गुडघे टेकले आणि डोकं कपाटात घातलं.

आत ओलसर, कोंदट वास होता. फिल्टरच्या पांढऱ्या डब्यामागे कपाटाची बाजूची फळी होती, स्क्रूच्या अगदी लगत. लिहायला चांगली जागा. त्यांनी विजेरी तिकडे वळवली.

तिथे आधीच काहीतरी लिहिलेलं होतं.

बारीक, सरळ, पेन्सिलीचं अक्षर. तारीख जवळजवळ पाच आठवड्यांपूर्वीची. गुरुवार. पाव फेरा, उघडी. खाली दोन रेघा. आणि रेघांखाली सहीचा तो वळसा, जो छत्तीस वर्षं खात्याच्या हजेरीपुस्तकात रोज सकाळी उमटत होता.

चावीवाले हलले नाहीत.  त्यांनी अक्षर पुन्हा वाचलं. कुणीतरी आपल्या अक्षराची नक्कल केली असेल, असा एक वेडा विचार त्यांच्या मनात आला आणि क्षणभर त्यांनी तो घट्ट धरूनही ठेवला. पण त्यांचा "फ" त्यांना ओळखता येत होता. स्वतःचा चेहरा ओळखावा तसा.

त्यांनी तो गुरुवार शोधायला सुरुवात केली. नवा पडदा बसल्यावर पाणी अळणी लागत होतं, हे आठवलं. त्यावरून कुरकुर केली होती, जावई हसला होता, हेही आठवलं. त्यापुढे काही नव्हतं. इथे गुडघे टेकलेले आठवत नव्हते. पेचकस कुठून घेतला, ते आठवत नव्हतं. स्क्रूच्या फिरण्याचा जो बारीक अडकाव मनगटाला कळतो, आणि जो त्यांच्यासारख्या माणसाला जन्मात विसरता येऊ नये, तोही आठवत नव्हता. माणूस विसरला तर काहीतरी धूसर उरतं, असं ते समजत होते. इथे धूसरसुद्धा नव्हतं. त्या गुरुवारी त्यांच्या अंगात शिरून कुणी दुसऱ्यानेच त्यांच्या हातांनी नीटनेटकं काम केलं होतं, नियमाप्रमाणे नोंद केली होती आणि निघून गेला होता.

 पातेलं करपलं तेव्हा ते घाबरले होते, बसथांब्यावरही घाबरले होते, पण ती भीती लेकीची होती, मुलाची होती, त्या बागवाल्या जागेची होती. ही भीती निराळी होती. ही त्यांना स्वतःची वाटत होती. आता या घरात, या अंगात, आपण आणखी काय काय करत असू?

आणि काल आपण शपथ घेतली. मी नाही म्हणून नाचलो. आज त्या बाईला तोंडावर म्हणालो, तुमचं खरं धरायचं कसं!

पेन्सिल होती. गुळगुळीत फळी होती. ओला अंगठा फिरवला की झालं. चावीवाल्यांनी अंगठा जिभेला लावला. कुणाला कळणार? लेक या कपाटात डोकं घालत नाही. फिल्टरवाली परत येणार नाही; तिला घरीच बसवतील. झाडं फिल्टरवालीने मारली, म्हाताऱ्याने नाही. अजून एक काही, घडलंच नाही. त्यांनी अंगठा फळीवर टेकवला आणि तारखेचा पहिला आकडा पुसला. तो पुसला गेला, अगदी सहज.

तेवढ्यात त्यांच्या मनात जे आलं त्याने त्यांचा हात जागच्या जागी थिजला. हे सगळं पुसलं, आणि उद्या सकाळी आपण हेही विसरलो तर? मग हे कुणालाच माहीत नसेल. लेकीला नाही, त्या बाईला नाही, आणि आपल्यालाही नाही. आपण पुन्हा छातीठोकपणे सांगू, मी नाही. आणि ते खोटंही नसेल. आपल्याबद्दलचं खरं या जगात फक्त या फळीवर उरलंय.

ते मागे सरकले आणि फरशीवर बसले. कपाटाचं दार उघडं, विजेरी मांडीवर, अंगठा काळा. उठायचं धाडस होईना. उठलो, दुसऱ्या खोलीत गेलो, आणि तिथे जाईपर्यंत विसरलो तर? म्हणून ते तिथेच बसून राहिले. मधेमधे वाकून वाचायचे. गुरुवार. पाव फेरा, उघडी. दुपारचं जेवण झाकलेलं तसंच राहिलं.

चार वाजता लेक आली. ती रोजच्यापेक्षा लवकर आली होती, हातात कुंड्यांसाठी सुक्या शेवाळाची पिशवी, तोंडाने बोलतच आली. साहेब फार बोलले नाहीत, उरलेल्या सातातल्या चार तरी नक्की वाचतील, बशा चांगल्या पाण्याने दोनतीनदा धुऊन काढायच्या. मग तिला ते दिसले.

"बाबा! पडलात का? काय झालं?"

"तक्रार केलीस?"

"हो, दुपारीच. तुम्ही खाली का बसलाय?"

"आत बघ," ते म्हणाले. "डब्यामागे. उजवीकडच्या फळीवर."

तिने विजेरी घेतली आणि डोकं आत घातलं. चावीवाले तिच्या पाठीकडे बघत राहिले. वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा झाला. त्याच्या दुप्पट झाला. ती बाहेर येईना. तिचे खांदे हलताहेत की विजेरी हलतेय, ते त्यांना कळेना.

"मला आठवत नाही," ते तिच्या पाठीला म्हणाले. "मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच वाटलं होतं की मी नाही. आत्ताही आठवत नाहीये. दुपारभर आठवतोय. काहीच नाही गं तिथे."

"माहीत आहे मला," आतून आवाज आला.

"पहिला आकडा मी पुसलाय. आज. तेवढं आठवतंय."

ती बाहेर आली. डोळे लाल होते. तीही त्यांच्यासमोर फरशीवर बसली, शेवाळाची पिशवी शेजारी तशीच. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

"डॉक्टरांकडे जायचं," ती म्हणाली. "शुक्रवारी मी रजा घेते."

"बरं. आणि तिथून?"

"तिथून काय? घरी."

"कुणाच्या?"

त्यांनी ते इतक्या हळू विचारलं की तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भडकली. कालपासून दाबून धरलेला आवाज एकदम सुटला. "कुणाच्या म्हणजे काय? या घरी! ही काय विचारायची पद्धत झाली? मी काय तुम्हाला रस्त्यावर सोडणार आहे? मी कधी म्हणाले तसं?"

"म्हणालीस. दादाला. अजून एक काही झालं तर बघू."

तिने शेजारची पिशवी बाजूला सारली.  

"म्हणाले होते," ती म्हणाली. "मी घाबरले होते, बाबा. आत्ताही घाबरलेय. तुम्ही सगळं लपवता. पातेल्याचं शेजारणीकडून कळलं, थांब्यावर पाय मोकळे करत होतो म्हणालात, काल पानं कापून कुंडी फिरवून ठेवलीत. मला कळणार कसं, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?"

चावीवाल्यांनी मान हलवली. वर्षभर ते जिच्या नजरेतून निसटायची धडपड करत होते, तिच्याकडे त्यांनी आता सरळ बघितलं. "मग बघत जा माझ्याकडे," ते म्हणाले. "सकाळी पाणी घालतो तेव्हा शेजारी उभी राहा. काल काय केलं ते मला विचार. मला नाही आठवलं तर तू सांग."

"तुम्हाला राग येईल."

"येईल. चिडेन मी. तरी हलू नकोस."

तिने त्यांचा काळा अंगठा आपल्या ओढणीने पुसला. डाग गेला नाही. मग उठून त्यांना उठवायला हात पुढे केला, पण चावीवाले उठेनात. त्यांचं लक्ष तिच्या पर्सकडे होतं.

"आधी त्या फिल्टरवाल्या बाईला फोन लाव," ते म्हणाले. "तक्रार तू मागे घे, पण बाईशी मी बोलतो. आत्ताच लाव. मला आठवतंय तोवर."

लेकीने पर्समधून फोन काढला आणि नंबर शोधू लागली.